बटाट्याच्या सुट्टीतली रंगीत तालीम

रोझेअर सीर सेंट-ओडिलच्या हायस्कुलात तीन कामं करायचा. पोरांना गाडी शिकवायचा, बास्केटबॉलच्या सामन्यात गुण मांडायचा आणि उरलेल्या वेळात कुणी कुठल्या कॉलेजात जावं याचा सल्ला द्यायचा. तिन्ही कामांत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, कारण ती करायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

गाडी शिकवायच्या मोटारीत मास्तरच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो वर्षानुवर्षं दाबून रोझेअरचा उजवा पाय स्वतंत्र बुद्धीचा झाला होता. चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रवचनात भरकटले की पाय आपोआप दाबला जायचा. बायको, बर्नादेत, दुकानात महागड्या कोटाकडे वळली की दाबला जायचा. त्यानं कशाचाच वेग कमी व्हायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

दर ऑक्टोबरात आमच्या अकरावीच्या पोरांना एक परीक्षा असते. कॉलेजात जायला जी मोठी परीक्षा लागते, तिच्या आधीची ही छोटी परीक्षा. ती घ्यायचं कामही रोझेअरकडेच होतं. पहिल्या वर्षी तो टाय बांधून उभा राहिला आणि जन्मठेप सुनावावी अशा आवाजात म्हणाला, "आज तुमच्या आयुष्याची दिशा ठरणार आहे." त्यावर ल्युसियां दॅगल नावाचा पोरगा उत्तरपत्रिकेवरच ओकला. दोन पोरी नुसतं बघून रडल्या. उत्तरपत्रिका सगळ्याच्या सगळ्या परत पाठवायच्या असा नियम आहे, म्हणून रोझेअरनं ल्युसियांची हीटरवर वाळवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पाठवून दिली. तिकडून काही उत्तर आलं नाही.

पुढच्या सालापासून त्यानं भाषण बदललं.

"पोरांनो, ही रंगीत तालीम आहे," तो म्हणायचा. "तालमीत संवाद विसरला म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. हे गुण कुठलंही कॉलेज बघत नाही. दोन नंबरच्या, म्हणजे एचबीच्या, दोन पेन्सिली आणा, गणकयंत्र आणा, घरून खाऊन या आणि आधी संडासला जाऊन या. कॉलेजांनी तुम्हाला पत्रं पाठवावीत असं वाटत असेल तर उत्तरपत्रिकेवरच्या त्या चौकोनात खूण करा, पण आधी पोस्टमन एडगरच्या कंबरेचा विचार करा."

हे शेवटचं खरं होतं. ज्यानं खूण केली त्याच्या घरी हिवाळाभर कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रकं येऊन पडायची. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर लाल पानांचं झाड आणि त्याखाली हसणारी चार पोरं. लाल पानांची झाडं आमच्याकडे रगड आहेत, तरी त्याखाली कुणी हसत बसत नाही. पण शेगडी पेटवायला कागद चांगला.

भाषणात आधी आणखी एक वाक्य असायचं. ते असं, की अकरावीत जे पार वरचे गुण मिळवतात, त्यांना याच परीक्षेवरून देशपातळीच्या मोठ्या शिष्यवृत्तीची वाट उघडते. हे वाक्य रोझेअरनं हळूहळू सोडून दिलं. सेंट-ओडिलमधून त्या वाटेला कधी कुणी गेलंच नव्हतं, आणि त्या वाक्यानं पोरांचे चेहरे मात्र ल्युसियांसारखे व्हायचे.

त्याला कुठं माहीत, की जनीन थिबोडो दहावीत येणार आहे.

जनीन म्हणजे गिल्मन थिबोडोची मधली पोरगी. दहावीत असताना हौसेनं अकरावीच्या पोरांबरोबर परीक्षेला बसली. डिसेंबरात गुण आले तेव्हा रोझेअरचा पाय टेबलाखाली दाबला गेला तो बराच वेळ सुटला नाही. शाळेत एवढे गुण कुणी पाहिले नव्हते. तो त्याच दिवशी थिबोडोंच्या घरी गेला, सांगितलं, आणि बकव्हीटची पाच घावनं, आमच्या भाषेत प्लॉय, लोणी लावून खाऊन आला. सगळं सांगितलं. एकच सांगायचं राहिलं, की दहावीचे गुण शिष्यवृत्तीला धरत नाहीत. अकरावीचेच धरतात, तेही देशभर ठरलेल्या एकाच दिवशी दिलेल्या परीक्षेचे.

अजून वर्ष आहे, असं त्याला वाटलं.

आमच्याकडे सप्टेंबरात शाळा बंद होते. बटाट्याची सुट्टी. पोरं, मास्तर, दुकानदार, सगळे वावरात. ऑक्टोबर लागला की शाळा परत उघडते आणि मग ती परीक्षा येते, असा आजवरचा शिरस्ता. त्या साली आभाळच फाटलं. सप्टेंबरभर वाफसा मिळाला नाही, बटाटा मातीतच बसला, आणि शाळेची सुट्टी वाढवावी लागली. परीक्षेचा मंगळवार बरोबर त्या वाढीव सुट्टीत सापडला. तो मंगळवार काही आमच्या गावाचा नव्हता, देशाचा होता. बटाट्यासाठी तो सरकणार नव्हता.

हेडमास्तर व्हिटकोम त्याच ऑगस्टात दक्षिणेकडून आले होते. बूट चकचकीत, बोलणं छापील.

"सीर, यंदा रद्द करू या," ते म्हणाले. "आपणच दर वर्षी सांगता म्हणे, रंगीत तालीम आहे. तालीम रद्द झाली म्हणून नाटक थोडंच बंद पडतं?"

"एका पोरीसाठी हेच नाटक आहे, साहेब."

"कोण?"

"जनीन थिबोडो."

"तिनं तर गेल्या वर्षीच दिली आहे. मी गुण पाहिले. उत्तम आहेत."

"ते दहावीचे. मोजत नाहीत."

"हे आपण मुलांना सांगितलं आहे का?"

रोझेअरचा पाय दाबला गेला. "आता सांगायला निघालोय," तो म्हणाला.

व्हिटकोमनी ग्रंथालयाची किल्ली काढून दिली. पोरं कुठून आणायची ते तुमचं तुम्ही बघा, असं म्हणाले.

छतावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी असलेली शाळेची मोटार घेऊन रोझेअर थिबोडोंच्या वावरात पोचला. गिल्मन ट्रॅक्टर चालवत होता. मागं काढणीचं मशीन. हे मशीन ओळ उकरतं आणि जे येईल ते पट्ट्यावर चढवतं. बटाटे, ढेकळं, वेल, दगड. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून दगड-ढेकळं काढून टाकतात, बटाटे पुढं ट्रकमध्ये जातात. एक जागा रिकामी राहिली तर दगड ट्रकमध्ये जातो, ट्रकमधून कोठारात, आणि तिथं शेजारपाजारच्या बटाट्यांना ठेचून नासवतो. म्हणून पट्ट्यावरची जागा रिकामी ठेवत नाहीत आणि ओळ संपेपर्यंत मशीन थांबवत नाहीत. रोझेअरला ठाऊक होतं. तो चिखलातून ट्रॅक्टरच्या बाजूनं चालू लागला.

"गिल्मन! मंगळवारी सकाळी जनीनला सोड! परीक्षा हाय!"

"कसली?"

"कालेजच्या आधीची!"

"ती गेल्या सालीच दिली न्हवं का? मार्क लई पडलं म्हून तूच आल्तास सांगाया. पाच घावनं हाणलीस."

"ती रंगीत तालीम व्हती."

"आन् ही?"

रोझेअर थोडा चालला. चिखलातून बूट उपसायला वेळ लागत होता, त्याचा त्याला फायदा झाला.

"ही बी रंगीत तालीमच," तो म्हणाला. "पर समद्यांसाठी. हिच्यासाठी न्हाई."

"आरं, तू गाडी शिकवतूस तवा बी असंच डावीकडं म्हून उजवीकडं वळवतूस का रं?"

पट्ट्यावरून जनीन ओरडली, "सर, मी दिलीय की! तुम्हीच म्हणालात, तिच्यानं काही होत नाही!"

"दहावीला दिली तर काही होत नाही! अकरावीला दिली तर होतं!"

"मग गेल्या वर्षी का नाही सांगितलंत?"

"गेल्या वर्षी तू दहावीत होतीस!"

मशीन पुढं सरकतच राहिलं. शेवटी जनीनची आजी, मेमेर एक्झिल्दा, बोलली. सत्तरी उलटलेली ही बाई डोक्याला रुमाल बांधून पट्ट्याच्या तोंडाशी उभी असायची आणि तिच्या हातून दगड सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"ने रं बाबा तिला," मेमेर म्हणाली. "हितं तरी काय उपेग? निम्मं दगड खिशात घालती. खिडकीत दगडांचा बाजार मांडलाय. एखादा दगुडच बघून लगीन लावून टाका म्हनावं हिचं."

जनीनला दगडांचं वेड होतं, हे खरं. आमच्या वावरांत दर वसंतात नवे दगड वर येतात. आजानं वेचले, बापानं वेचले, तरी येतातच. ते कुठून येतात, जमिनीखाली काय चाललंय, हे तिला शिकायचं होतं. तसं शिकवणारं नावाजलेलं कॉलेज होतं, पण लांब होतं. शिष्यवृत्तीशिवाय त्याचं नाव थिबोडोंच्या घरात काढण्यात अर्थ नव्हता. हे गिल्मनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं आधी ओळ संपवली. मशीन वळवताना म्हणाला, "हात काढायचा तर हात द्यायचा."

आमच्याकडचा हा जुना कायदा. मयतीला जायचं असलं तरी आपल्या जागी माणूस उभा करून जायचं. गिल्मनचं लग्न सुगीत निघालं, तर त्याच्या जागी त्याचा भाऊ राबला. म्हणून लग्नाच्या एकाही फोटोत भाऊ नाही.

"मी यीन," रोझेअर म्हणाला.

"तू परीक्षा घेनार न्हवं?"

"मंग बर्नादेत..."

"तुझ्या बायकूला तूच इचार. मला अजून जगायचंय."

रोझेअरनं मनातल्या मनात गाव पालथं घातलं. धडधाकट माणूस म्हणावा असा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पट्ट्यावर उभा होता. अख्ख्या खोऱ्यात रिकामे हात दोनच उरले होते, आणि ते हेडमास्तरांचे होते.

"माझ्या कामाच्या यादीत हे बसत नाही, सीर," व्हिटकोम म्हणाले.

"सल्ल्याचं काम माझ्याही यादीत नव्हतं, साहेब. खोली रिकामी होती, मला बसवलं."

व्हिटकोम गावात नवे होते. शाळेच्या बैठकीला कुणी यायचं नाही, दुकानात गेले तर लोक बोलता बोलता थांबायचे. ते थोडा वेळ बुटांकडे बघत राहिले. "किती वाजता पोचायचं?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी ऊन पडलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

ग्रंथालयात सहा पोरं जमली. जनीन सोडली तर बाकीच्यांच्या जागी घरचं कुणी म्हातारंकोतारं पट्ट्यावर उभं होतं. सुट्टीमुळे हीटर बंद, म्हणून सगळी कोटातच बसली. रोझेअरनं प्रत्येकाला ताठ ब्रशानं हात घासायला लावले. गोल काळे करायचे असतात, ते यंत्र वाचतं, आणि वावरातली माती आणि पेन्सिलीचा काळा यांतला फरक यंत्राला कळेल याची त्याला खात्री नव्हती.

मग तो भाषणाला उभा राहिला.

"पोरांनो, ही रंगीत तालीम आहे," तो सवयीनं म्हणाला आणि थांबला. "म्हणजे तशी आहे. पण जरा नीट ऐका. चुकलं तर पाव गुण कापतात, म्हणून डोळे मिटून ठोकू नका. पण एखाद-दोन पर्याय चूक आहेत हे नक्की कळलं, तर उरलेल्यांतला धरायला हरकत नाही. पट्ट्यावर काय करता? दगड काढता. इथं तेच. प्रत्येक प्रश्नात चार दगड, एक बटाटा. दगड काढा."

इतक्या वर्षांत त्याचं भाषण पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं. रेआल पेलतिए नावाच्या पोराला तर फारच कळलं. पहिल्या भागाची वेळ अर्धी उलटल्यावर रोझेअर फेरी मारत त्याच्यापाशी आला, तर रेआलनं प्रत्येक प्रश्नाचे चार-चार गोल ठसठशीत काळे केलेले आणि एक-एक कोरा सोडलेला. दगड बाद केले होते. रोझेअरचा पाय फरशीवर इतक्या जोरात आपटला की सगळ्यांनी वर पाहिलं. पर्यवेक्षकाला उत्तरांबद्दल बोलायची परवानगी नाही. सूचना मात्र वाचता येतात. त्यानं पुस्तिका उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "एका प्रश्नाला एकच गोल." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा रेआलनं खोडरबर उचललं. उरलेला वेळ तो खोडतच होता.

मधल्या सुट्टीत पोरं खिडकीशी गेली. आमची शाळा टेकाडावर आहे, तिथून थिबोडोंचं वावर दिसतं.

"सर," जनीन म्हणाली. "मशीन थांबलंय."

रोझेअरनं पाहिलं. ओळीच्या बरोबर मध्यात मशीन उभं होतं. ट्रॅक्टरच्या धुराड्यातून धूर येत नव्हता.

"माझ्यामुळं थांबलंय," जनीन म्हणाली. तिनं कोटाची बटणं लावायला सुरुवात केली. "व्हिटकोम सरांना जमत नसणार. ऊन आजच पडलंय, सर. उद्या परत पाऊस सांगितलाय. मी जाते."

"गेलीस तर परत बसता येत नाही."

"नाही तर नाही. बटाटा गोठला तर पापा..." ती दाराकडे निघाली.

रोझेअरनं सगळा जन्म पोरांना सावकाश, थांब, आरशात बघ, एवढंच सांगण्यात घालवला होता. परीक्षा महत्त्वाची आहे असं म्हणावं, तर इतकी वर्षं उलटंच सांगितलेलं. तो दारात जाऊन उभा राहिला, पण हात आडवा घातला नाही.

"जनीन," तो म्हणाला, "तुझ्या बापाचा कायदा काय?"

"हात काढायचा तर हात द्यायचा."

"तिथं तुझ्या जागी हात दिलाय. बरा असेल, वाईट असेल, पण जागेवर माणूस आहे. इथून उठलीस तर तुझ्या जागी मी कुणाला बसवू? रेआलला?"

रेआलनं खोडरबराचा उरलेला तुकडा फुंकून साफ केला. जनीननं त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मशीन उभंच होतं. तिनं कोटाची बटणं तशीच ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

"पाठ खिडकीकडं कर," रोझेअर म्हणाला.

तिनं खुर्ची फिरवली. त्यानं घड्याळ लावलं. थोड्या वेळानं टेकाडाखालून ट्रॅक्टरचा आवाज आला. तिची पेन्सिल क्षणभर थांबली आणि परत चालू लागली.

वावरात काय झालं ते मेमेरनं नंतर गावाला सांगितलं, आणि विचारेल त्याला अजून सांगते. व्हिटकोम सकाळी पट्ट्यावर चढले ते चकचकीत बुटांत. सुरुवातीला बटाटे खाली टाकत होते आणि दगड आदरानं पुढं जाऊ देत होते. मेमेरनं हातावर चापट्या मारून ते सरळ केलं. नंतर मशीनच्या तोंडाशी अडकलेला वेल सोडवायला खाली उतरले, तर चिखलात एक बूट रुतून राहिला. तो बूट ओळीबरोबर उकरला गेला आणि बटाट्यांबरोबर पट्ट्यावरून वर आला. मेमेरनं बूट बघितला आणि किंचाळून मशीन थांबवलं. त्यात पाय नाही, हे कळायला थोडा वेळ गेला.

"दोन्ही पाय मोजून घेतले म्या," मेमेर सांगते. "मास्तर मानूस, एखादा कमी असला तरी सांगायचा न्हाई."

दुपारी जनीन वावरात परतली तेव्हा व्हिटकोम एका पायात बूट आणि दुसऱ्यात गोणपाट बांधून पट्ट्यावर उभे होते.

"कशी गेली?" गिल्मननं ट्रॅक्टरवरून विचारलं.

"गेली," जनीन म्हणाली.

"चढ मंग."

व्हिटकोम सरकून उभे राहिले, पण उतरले नाहीत. अंधार पडेपर्यंत पट्ट्यावर एक माणूस जादा होता. शाळेच्या पुढच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. लोकांना बुटाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायची होती.

डिसेंबरात गुण आले. रेआलचे बरे होते. जनीनचे गेल्या वर्षीपेक्षाही चढे होते, पण शिष्यवृत्तीला किती गुण लागतात ती रेघ दर राज्याची वेगळी आणि ती पुढच्या सप्टेंबरापर्यंत कुणी सांगत नाही. तेवढा काळ रोझेअरनं कसा काढला ते बर्नादेतला माहीत. स्वयंपाकघरात त्याच्या खुर्चीपुढं फरशीचा रंग उडाला होता.

सप्टेंबर आला, बटाट्याची सुट्टी लागली. निकाल शाळेत आला तो हेडमास्तरांच्या नावानं, पण हेडमास्तर जागेवर नव्हते. गुडघ्याएवढे रबरी बूट घालून ते मेमेरच्या शेजारी पट्ट्यावर उभे होते. म्हणून पाकीट रोझेअरनं फोडलं आणि मोटार काढली.

"गिल्मन! थांबव!"

"ओळ संपू दे!"

"जनीनला सांगायचंय!"

"मंग हात दे!"

रोझेअर चालत्या मशीनवर चढला. जनीननं आपले हातमोजे काढून त्याला दिले आणि खाली उडी मारली. आता तो वर होता आणि ती खाली चिखलातून बाजूनं चालत होती, त्यामुळं हळू आवाजात सांगायची सोय राहिली नाही. पट्ट्यावर माल येतच होता. रोझेअर दगड काढता काढता ओरडला.

"नाव आलंय!"

"कशात?"

"शिष्यवृत्तीच्या पहिल्या चाळणीत! आख्ख्या देशातून निवडलेत, त्यात तू हायेस!"

व्हिटकोमचे हात थांबले. मेमेरनं त्यावर चापट मारली, ते परत चालू झाले. जनीन चालत राहिली. एकदा ठेचकाळली, वाकून एक दगड उचलला, बघितला नाही, तसाच खिशात टाकला.

"आता पुढं काय, सर?" ती म्हणाली.

"आता मोठी परीक्षा! ऑक्टोबरात! शनिवारी!"

"ती तरी खरी का?"

"ती खरी! आणि हीसुद्धा खरीच होती! माझंच बोलणं खोटं होतं!"

गिल्मननं मागं वळून पाहिलं नाही. रोझेअरचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता, आणि ट्रॅक्टरचा वेग जरासा कमी झाला. इतक्या वर्षांत मोटारीबाहेर त्याच्या पायानं पहिल्यांदाच काहीतरी हळू झालं. थांबलं नाही. ओळ अजून संपायची होती. पोरीला बाजूनं चालता यावं, इतकंच.

"शनिवारी हात कोन देनार?" गिल्मननं समोर बघतच विचारलं.

"मी आहेच," व्हिटकोम म्हणाले.

"तुमी तर आता आमच्यातच मोजलेलं. नवा हात पायजे."

"बर्नादेतला इचारतो," रोझेअर म्हणाला.

"रोझेअर," मेमेर म्हणाली, "आत्ता खाली टाकलास त्यो बटाटा व्हता."